तळं उशिरा निवतं

अगं बयो, काल फोनवर तू किती खुशीत विचारलंस, “ताई, यंदाचा पानगळीचा फॉल उबदार जाणार म्हणे. नकाशावर आमचा सगळा भाग केशरी आहे. मग ते जाडजूड बूट डिसेंबरात घेतले तरी चालतील ना?” मी नुसती हसले आणि विषय बदलला. आई लाइनवर होती, आणि बर्फाचं नाव काढलं की तिची झोप उडते. आता आपण दोघीच आहोत, तर ऐक. बूट सप्टेंबर संपायच्या आत घे.

तो नकाशा खोटा नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याचं क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर तो दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी काढतं आणि मीही न चुकता बघते. फक्त तो काय सांगतो ते समजून घे. तीन महिन्यांचं सरासरी तापमान नेहमीपेक्षा जास्त, नेहमीसारखं की कमी, एवढ्या तीनच खणांचा तो हिशोब असतो. केशरी रंगावर चाळीस टक्के लिहिलं असेल, तर दहा चिठ्ठ्यांतल्या चार ‘उबदार’च्या, आणि उरलेल्या सहा दुसऱ्या दोन खणांच्या. पांढरा भाग म्हणजे ‘सगळं नेहमीसारखं’ असंही नाही. तिथे तिन्हींची शक्यता सारखीच, म्हणजे झुकतं माप कुणालाच नाही. आणि ऑक्टोबरातले वीस दिवस टी-शर्टात गेले, नोव्हेंबरातले चार दिवस गुडघाभर बर्फात गेले, तरी सरासरी उबदारच निघते. पाय मात्र त्या चार दिवसांत गारठतात.

माझं तेच झालं होतं. होटनला, तू आता आहेस त्याच गावी, आले त्या पहिल्या वर्षी मीही ‘उबदार’ शब्दावर भाळले. ऑक्टोबर असा सोनेरी गेला की पुण्याहून आणलेले कापडी बूटच घालून हिंडले. मग नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी लॅबमधून निघाले, तर बाहेर पाणीदार, जड बर्फ. खोलीवर पोचेपर्यंत मोजे पिळून पाणी निघालं. पायाची बोटं आधी झोंबली, मग दुखली, मग दुखायची थांबली. दुखायचं थांबलं, त्याचीच भीती वाटली मला.

आता मूळ गोष्ट. तुझ्या गावाचं हवामान नकाशा ठरवत नाही, सुपीरिअर ठरवतं. शाळेत ‘पंचमहासरोवरे’ पाठ केली होतीस, त्यातलं हे थोरलं. ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडं मोठं, आणि सर्वांत खोल ठिकाणी ४०६ मीटर. एवढं पाणी तापायला उन्हाळा पुरत नाही आणि निवायला आख्खा फॉल पुरत नाही. आजीचा तांब्याचा बंब आठवतो? निखारे विझले तरी पाणी दुपारपर्यंत कोमट राहायचं. तसंच हे. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात तळ्याचं पाणी वर्षातलं सर्वांत कोमट असतं, आणि तेव्हा झाडांची पानं पिवळी पडायला लागलेली असतात. गंमत म्हणजे तू राहतेस त्या भागाला ‘कॉपर कंट्री’च म्हणतात. जुन्या तांब्याच्या खाणींचा मुलूख आहे तो.

मग कॅनडाकडून वायव्येचा गार वारा येतो. तळ्याचं पाणी आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात तेरा अंश सेल्सिअसचा फरक पडला की कोमट पाण्यावरची वाफ उचलली जाते, ढग होतात, आणि किनाऱ्यावर येऊन बर्फ ओततात. तुमच्या कीविनॉ द्वीपकल्पाच्या डोंगरकण्याला ते अडतात आणि आणखी ओततात. कोकणातून वर चढलेला ढग घाटमाथ्यावर कसा रिता होतो, तसंच, फक्त पाण्याऐवजी बर्फ. याला तिथे ‘लेक इफेक्ट’ म्हणतात. तुझ्या गावात एका हिवाळ्यात सरासरी दोनशे इंचांच्या आसपास, म्हणजे पाच मीटर बर्फ पडतो. कीविनॉ काउंटीत १९७८-७९ मध्ये ३९०.४ इंच पडला. मोहॉकजवळ हायवेला थर्मामीटरसारखा उंच फलक आहे त्यावर तो आकडा लिहिलाय. एकदा त्याच्या पायाशी उभी राहून मान वर कर, म्हणजे माझं बोलणं पटेल.

तेव्हा केशरी नकाशाचा खरा अर्थ बघ. फॉल उबदार गेला म्हणजे तळंही उशिरापर्यंत उबदार राहिलं. त्यावर डिसेंबरात गार वाऱ्याचा पहिला दणका बसला, की वाफेला तोटा नाही. उबदार ऑक्टोबर बर्फ पुढे ढकलतो, माफ करत नाही. अगदी कमी बर्फाचे हिवाळेही येतात. २०२३-२४ मध्ये जोरदार एल निनो होता, तेव्हा तळ्याकाठच्या मार्केट शहरातली ‘यूपी २००’ ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत बर्फाअभावी रद्द करावी लागली. उलट ला निना असली की तराजू थंडीकडे आणि बर्फाकडे झुकतो. पण झुकतो एवढंच. त्यावर खरेदी अडवून धरू नकोस.

महिन्यांचा हिशोब असा ठेव. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा रंगांचा काळ. मेपल लाल-केशरी होतात. अभ्यास बाजूला ठेवून एक दिवस ब्रॉकवे माउंटनवर जा. आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबर हीटनं जीव हैराण असतो, त्यामुळे फोटो पाठवशील तेव्हा आईला जरा जपून. ऑक्टोबर संपता संपता लोक अंगणाच्या कडेनं उंच काठ्या रोवायला लागतील. बर्फ काढणाऱ्या प्लाऊला कडा दिसावी म्हणून. काठ्या दिसल्या की समज, गावानं फॉल आवरता घेतला.

नोव्हेंबर वाऱ्याचा. १० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झजेराल्ड हे २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज याच तळ्यात बुडालं. २९ जण होते, एकही वाचला नाही. कधी वारा आधीच येतो: २४ ऑक्टोबर २०१७ ला मार्केटजवळच्या बोयावर सुमारे पावणेनऊ मीटरची लाट नोंदली गेली. तेव्हा वादळी दिवशी ‘लाटा बघायला’ कुणी बोलावलं तर गाडीतून बघ. खडकांवर आणि धक्क्यावर पाऊल टाकायचं नाही. हे मी विनवत नाहीये, बजावतेय.

रोजचं बघायचं असेल तर हवामान खात्याच्या मार्केट शहरातल्या ऑफिसचा अंदाज बघ. वॉच म्हणजे तयारीला लाग, वॉर्निंग म्हणजे आलंच, घरी थांब. बर्फाचे पट्टे अरुंद असतात. होटनला ऊन असेल आणि दहा मैलांवर समोरचा हात दिसणार नाही. हॅन्कॉकच्या पुलावर वेग कमी ठेव. पुलाला खालूनही वारा लागतो, त्यामुळे रस्त्याच्या आधी तो गोठतो.

आणि एक, हे कुणी सांगत नाही. घड्याळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते तासभर मागे जातं. आदल्या दिवशी साडेसहाला मावळणारा सूर्य अचानक साडेपाचला बुडतो. घरचं अंतरही साडेनऊ तासांचं साडेदहा होतं, आईच्या फोनची ठरलेली वेळ चुकते, आणि नेमकी त्याच सुमाराला दिवाळी असते. त्या आठवड्यात मला उगाच रडू यायचं. वाटायचं, आपणच हळव्या. तसं नसतं गं. दुपारी अर्धा तास तरी उजेडात चाल, डॉक्टरला विचारून व्हिटॅमिन डी तपासून घे, आणि आकाशकंदील खिडकीच्या आतच लाव. बाहेर तो वारा एक रात्रही टिकू देणार नाही.

आता बूट. ते मोठे दिसले तरी लाजू नको. दुकानात जाताना लोकरीचा जाड मोजा घालूनच जा. बूट चढवलास की आत अंगठा मोकळा हलला पाहिजे. घट्ट बुटात उबेला जागाच राहत नाही. तळवा खोल नक्षीचा हवा, बूट पोटरीपर्यंत हवा आणि पाणी आत येता कामा नये. यात पैसे वाचवू नको, कमी पडले तर मला सांग. जॅकेट सेकंडहँड चालेल, बूट नाही.

या शनिवारीच जा. अंगठा हलला की मला फोटो पाठव. आईला नको.