माळ लांबली, कावीळ उतरली का?



कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाच्या स्वभावाविषयी ती खरी आहे. पण रोगाविषयी म्हणाल तर खोटी आहे. आम्हाला स्वतःला कावीळ झाली होती. तेव्हा दूध पांढरेच दिसत होते आणि गवत हिरवेच. पिवळे झाले होते आमचे डोळे. ते इतरांना दिसत होते, आम्हाला नव्हे.

आजचा धडा या रोगाविषयी आहे. त्यावरच्या गावठी उपायांविषयीही आहे. या धड्यात आम्ही आमची एक चूक सांगणार आहोत. मास्तराने आपली चूक सांगू नये, असे कोणी म्हणेल. पण जी चूक सांगितल्याने दुसऱ्याचा जीव वाचेल, ती झाकून ठेवणे बरे नव्हे.

आम्ही बरे झालो

१९८७ चा पावसाळा होता. आम्ही एका खेड्यात शिक्षक होतो. एके दिवशी अन्नावरची वासना उडाली. पोटात मळमळू लागले. लघवी गडद पिवळी झाली. चार दिवसांनी डोळे पिवळे दिसू लागले. शेजारी म्हणाले, "गुरुजी, ही कावीळ. दवाखान्यात हिला औषध नाही. माळवाल्या आजोबांकडे चला."

आजोबा भला माणूस. एका नारळाशिवाय कोणाकडून काही घेत नसत. त्यांनी आमच्या हातांना कसले तरी पाणी चोळले. मग परातीत हात धरायला लावून तांब्यातल्या पाण्याने धुतले. परातीतले पाणी हळदीसारखे पिवळे झाले! नंतर त्यांनी झाडाच्या ओल्या देठांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून एक लहानशी माळ केली आणि आमच्या डोक्यावर चुंबळीसारखी ठेवली. म्हणाले, "माळ जसजशी खाली येईल, तसतशी कावीळ उतरेल."

खरोखरच माळ लांबत गेली. डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून पोटापर्यंत आली. तीन आठवड्यांनी आम्ही बरे झालो आणि शाळेत हजर झालो.

मग काय! जो भेटेल त्याला आम्ही आजोबांचे नाव सांगू लागलो. गुरुजींसारखा शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर लोकांचा विश्वास दुप्पट झाला.

आमची भावजय

तीन वर्षांनी, १९९० च्या श्रावणात, आमच्या धाकट्या भावाच्या बायकोला कावीळ झाली. तिला सातवा महिना होता. भाऊ परगावी नोकरीला होता. ती आम्हाला म्हणाली, "दादा, दवाखान्यात जाऊ या का?"

आम्ही म्हणालो, "अगं, मला उतरली, तशी तुलाही उतरेल. दवाखान्यात तुला सुया टोचतील आणि परत पाठवतील."

तिने पुन्हा विचारले नाही. मोठ्या दिरापुढे ती जास्त बोलत नसे. आम्हीच तिला आजोबांकडे नेले. हात धुतले, पाणी पिवळे झाले, माळ घातली. तीन दिवस गेले. माळ लांबत होती. चौथ्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली. दुपारी तिला गुंगी आली. जीप मिळवून तालुक्याला नेईतो रात्र झाली. दुसऱ्या दिवशी ती गेली. पोटातले मूलही गेले.

डॉक्टर म्हणाले, "पहिल्याच दिवशी आणली असती तर वाचलीच असती, असे मी छातीठोकपणे सांगत नाही. पण आम्हाला प्रयत्न तरी करता आले असते." हे वाक्य आम्ही आजवर विसरलो नाही.

घरी आल्यावर तिच्या गळ्यातली ती माळ आमच्या हाती आली. पोटापर्यंत लांबली होती.

खुंटीला कावीळ झाली होती काय?

पुढे आम्ही आजोबांकडून तसलीच एक ओली माळ मागून आणली आणि शाळेत भिंतीच्या खुंटीला अडकवली. रोज पट्टीने मोजली. ती रोज लांबत गेली. खुंटीला काय कावीळ झाली होती?

कारण साधे आहे. ओले देठ वाळले की आक्रसतात. त्यांच्याभोवतीच्या गाठी सैल पडतात. गाठीत अडकलेला दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. रोग्याच्या अंगाशी त्याचा संबंध नाही.

पिवळ्या पाण्याचेही तसेच. आंब्याच्या आतल्या सालीचा रस हाताला चोळावा आणि चुन्याच्या निवळीने हात धुवावेत. पाणी पिवळे होते. आमच्या रात्रीच्या वर्गात आम्ही हा प्रयोग एका धडधाकट पैलवानाच्या हातावर करून दाखवला. त्याच्या हातांतूनही तेवढीच "कावीळ" निघाली!

काही ठिकाणी नाकात कडू रस सोडतात. नाकातून पिवळे पाणी वाहते. तो रस नाकाच्या आतल्या नाजूक कातडीला झोंबतो, म्हणून पाणी येते. काही ठिकाणी तापल्या सळईने डाग देतात. त्याने जखम होते, कावीळ जात नाही.

मग पिवळेपणा येतो कोठून?

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. एक पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशी मोडतात तेव्हा एक पिवळे द्रव्य तयार होते. पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांखाली, यकृत असते. लोक त्याला लिव्हर म्हणतात. ते हे पिवळे द्रव्य रक्तातून काढून पित्ताबरोबर आतड्यात सोडते. यकृत आजारी पडले, पित्ताची वाट खड्याने किंवा गाठीने अडली, किंवा पेशीच फार मोडू लागल्या, तर हे द्रव्य रक्तात साचते. मग डोळे पिवळे होतात. म्हणजे कावीळ ही खूण आहे. रोग तिच्या मागे लपलेला असतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. कोणता, ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

घाण पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. यकृत स्वतःला सावरते. आम्ही बरे झालो ते असे. श्रेय मात्र माळेला मिळाले. बरे झालेला माणूस गावभर सांगत फिरतो. जो गेला तो सांगायला येत नाही. म्हणून अशा उपायांचे नाव होते.

दिल्लीची साथ

१९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेतून पिण्याचे पाणी घेत, त्या जागी शहराचे सांडपाणी मिसळले होते. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर बायांना तिचा फटका जास्त बसला. त्या साथीतले काही रक्त जपून ठेवले होते. पुढे ते तपासले गेले. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील संशोधकही होते. १९८० साली ही माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की ही कावीळ आधी माहीत असलेल्या प्रकारांपेक्षा निराळी आहे. आज तिला हिपॅटायटिस ई म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातही २०१२ साली इचलकरंजीत या काविळीची साथ येऊन गेली.

ही कावीळ इतरांना बहुधा सोडून देते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बाया दगावू शकतात. आमच्या भावजयीला हीच होती का, ते सांगता येत नाही. आम्ही रक्त तपासूच दिले नाही.

घरचे उपाय टाकायचे का?

नाही. सगळेच टाकायचे नाहीत. तपासून घ्यायचे.

एक गोष्ट सांगतो. १९५६ साली इंग्लंडातील रॉचफर्ड येथील रुग्णालयात एक परिचारिका पिवळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांना उन्हात नेत असे. तिला दिसले की ऊन लागलेल्या भागाचा पिवळेपणा कमी होतो, झाकलेल्या भागाचा राहतो. तिने ते डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी हसण्यावारी नेले नाही. रक्तावर प्रयोग केले, मोजमाप घेतले, खास दिवे तयार केले. आज आपल्याकडेही मोठ्या रुग्णालयांत बाळांना निळ्या उजेडाखाली ठेवतात, ते यातूनच आले. बाईचा अनुभव तपासला गेला, म्हणून त्याचे औषध झाले. आमच्या माळेची तपासणी आम्ही उशिरा केली.

कोणी काही उपाय सांगितला, तर मनाशी तीन प्रश्न विचारा:

१. या उपायापायी दवाखाना लांबतो का?
२. पोटात, नाकात किंवा जखमेत काय जाते, ते आपल्याला नक्की ठाऊक आहे का?
३. निरोगी माणसावर किंवा खुंटीवर केला तर हेच दिसते का?

विश्रांती घ्या. मऊ भात, पेज, फळे, जे रुचेल ते खा. हळदीने कावीळ वाढत नाही. उगाच उपास करू नका. पायाला तेल चोळल्याने बरे वाटते, तर चोळा. भजनाने मन शांत होते, तर जरूर भजन ऐका. हे सारे सोबतीचे उपाय. त्यांनी रोग्याला आधार मिळतो. पण सोबत्याने वाट अडवता कामा नये. आधी तपासणी, मग सोबत.

उसाच्या रसाने थोडी शक्ती येते, पण रस्त्यावरच्या रसातला बर्फ कसल्या पाण्याचा, कोण जाणे. दारू थेंबभरही नको. अनोळखी पुड्या आणि झाडपाला घेऊ नका. काही झाडपाला यकृतालाच बाधतो. घेतला असेल तर डॉक्टरांना लाजू नका, सांगा. ते रागावतील, पण उपयोग होईल. तापाची गोळीसुद्धा विचारूनच घ्या. रीतसर शिकलेले वैद्यही आधी रक्त तपासून आणायला सांगतात.

केव्हा मुळीच थांबू नये

गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिवळे झाले, त्याचे तळहात-तळपाय पिवळे दिसले, किंवा ते दूध ओढीनासे झाले, तर तसेच. अंगणातल्या कोवळ्या उन्हावर भागवू नका. रोगी गुंगीत असेल, भलतेच बोलत असेल, रक्त पडत असेल, सारखे ओकत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, शौचाला पांढरट होत असेल, तर थांबू नका. १०८ क्रमांकाला फोन करा.

कावीळ होऊच नये म्हणून

पाणी खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. शौचालय वापरा. विहिरीत, टाकीत औषध पडते की नाही, ते ग्रामपंचायतीला विचारा. काविळीचा एक प्रकार रक्तातून पसरतो. त्याला हिपॅटायटिस बी म्हणतात. म्हणून वापरलेली सुई किंवा दुसऱ्याचे पाते नको. त्यावर लस आहे. सरकारी दवाखान्यात ती बाळाला जन्मल्यावर २४ तासांत देतात, नंतर सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात. ती चुकवू नका.

बायांनो, तुम्हाला एक वेगळे सांगायचे आहे. "दवाखान्यात जाऊ या का?" असे तुम्ही विचारलेत आणि घरातला मोठा माणूस "नको" म्हणाला, तर दुसऱ्यांदा विचारा. तिसऱ्यांदा विचारा. आशाताईंना बोलावून आणा. आणि पुरुषांनो, घरातली बाई विचारते तेव्हा तिचे ऐका. आम्ही ऐकले नाही.

प्रश्न व अभ्यास

१. माळ का लांबते? आपल्या शब्दांत सांगा.
२. कावीळ ही खूण आहे, रोग नव्हे, असे का म्हटले आहे?
३. सोबतीचा उपाय आणि वाट अडवणारा उपाय यांचे एकेक उदाहरण द्या.
४. आपल्या गावातल्या एका गावठी उपायाला वरचे तीन प्रश्न लावून पाहा. वर्गात चर्चा करा.
५. "केव्हा मुळीच थांबू नये" हा भाग घरी मोठ्याने वाचून दाखवा. घरात किंवा शेजारी कोणी गरोदर असेल, तर तिला आधी.