कण्णंदंगुडीची शाळा

कुंभकोणम् हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवर येते ते तेथील देवळांमुळे आणि बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम् मेळ्यामुळे. कावेरीच्या त्या खोऱ्यात मराठी ही पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ दरबाराची भाषा होती, हेही इतिहासप्रेमी वाचक जाणतात. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी स्थापन केलेले तंजावरचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. परंतु याच मुलखातील एका खेड्यात, कण्णंदंगुडी येथे, एका मराठी राजाच्या खर्चाने ख्रिस्ती मुलांची शाळा चालत होती, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत क्वचितच सांगितली जाते. शाळा होती १८०७ च्या सुमाराची. अमेरिकन मिशनरी हॉल व नॉट मुंबईच्या बंदरात उतरले ते १८१३ मध्ये. मराठी माणूस व ख्रिस्ती शिक्षण यांच्या नात्याचा आरंभ आपण मुंबई-अहमदनगरपासून मोजतो. तो हिशेब थोडा मागे न्यावा लागेल.

या शाळेचे मूळ शोधू लागले की आपण क्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यापाशी येऊन पोहोचतो. ते १७५० मध्ये तरंगंबाडीस आले, पुढे तिरुचिरापल्ली व १७७८ पासून तंजावर येथे राहिले, आणि १७९८ मध्ये तेथेच प्रभूकडे गेले. तमिळ तर ते शिकलेच, पण तंजावरच्या राजाशी दुभाष्यावाचून बोलता यावे म्हणून मराठीही शिकले. राजाला त्याच्या मातृभाषेत सुवार्ता सांगावी, ही त्यांची तळमळ होती. तुळजा राजांनी १७८७ मध्ये मृत्युशय्येवर असताना आपला दत्तक पुत्र सरफोजी याचा सांभाळ करावा म्हणून याच माणसाला गळ घातली. मुलाचे वय अवघे नऊ वर्षांचे होते.

श्वार्ट्झ यांनी शाळांचा प्रश्न दोन्ही बाजूंनी हाताळला. मंडळीच्या मुलांसाठी मिशनच्या तमिळ शाळा होत्या. त्यांखेरीज तंजावर, रामनाद, शिवगंगा आणि पुढे कुंभकोणम् येथे त्यांनी इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा उभ्या केल्या. कंपनी सरकारने १७८७ मध्ये अशा शाळांना प्रत्येकी सालीना २५० होन देऊ केले. तेथे येणारी मुले बहुतांशी ब्राह्मण व व्यापारी घराण्यांतील होती. कपटाने कोणालाही ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाणार नाही, अशी हमी श्वार्ट्झ यांनी स्वतःच दिली होती. माझ्या मते ही हमी म्हणजे दुबळेपणा नव्हे. ज्याला सत्यावर भरवसा आहे त्याला कपटाची गरज पडत नाही.

सरफोजींचे बालपण मात्र सुखाचे गेले नाही. चुलते अमरसिंह गादीवर बसले आणि मुलगा जवळजवळ कोंडवाड्यात राहिला. शिक्षणही बंद झाले. श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारपाशी दाद मागितली आणि १७९३ मध्ये त्यास मद्रासला हलवण्यात आले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली तो शिकला. १७९८ च्या जूनमध्ये सरफोजी गादीवर आले तेव्हा गुरूंना जाऊन चार महिने लोटले होते. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाच्या हाती तंजावरचा किल्ला, नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. सत्ता गेलेल्या या राजाने आपली शक्ती विद्येकडे वळवली. सरस्वती महाल ग्रंथालयातील त्यांचा संग्रह आपण जाणतोच. त्यांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने बाहेर पडले.

कारभार गेला तरी छत्रे, म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंची अन्नछत्रे, त्यांनी आग्रहाने आपल्याकडे ठेवून घेतली. या छत्रांत जेवणाबरोबर औषधपाणी आणि मुलांचे शिक्षणही चाले. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे त्यांनी मुक्तांबाळ छत्र उभारले. तेथील शाळेत सर्व जातींच्या मुलांना राहण्या-जेवण्यासह शिकवण्याची सोय होती. आणि त्या छत्राच्या जवळच्या कण्णंदंगुडी गावी पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांचे पोषण व शिक्षण राजाच्या खर्चाने होऊ लागले. शिवाय लंगडे, आंधळे व निराधार अशा तीस ख्रिस्ती माणसांना अन्नवस्त्र मिळू लागले. ही बातमी देणारे मिशनरी योहान कास्पर कोलहॉफ हेही तरंगंबाडीत जन्मलेले आणि श्वार्ट्झ यांच्याच हाताखाली वाढलेले होते. एकाच गुरूचा एक शिष्य पैसा देत होता, दुसरा शाळा पाहत होता.

सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तरीही त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ इंग्लंडमधून फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आजही पाहता येते. मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरून राजा उभा आहे, आणि पलंगाशेजारी शाळेची मुले आहेत.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. परक्या राजाने देवाच्या लोकांचा खर्च उचलावा, हे शास्त्राला नवीन नाही. एज्रा ६ मध्ये दारयावेश राजा मंदिराच्या बांधकामाचा खर्च सरकारी वसुलातून देण्याची आज्ञा करतो, आणि एज्रा ७ मध्ये अर्तहशश्त आपली तिजोरी मोकळी करतो. एज्राने हे दान नाकारले नाही. उलट राजाच्या मनात असे घातल्याबद्दल त्याने देवाचा धन्यवाद केला. म्हणून कण्णंदंगुडीच्या मुलांनी राजाचे अन्न खाल्ले यात उणेपणा मानण्याचे कारण नाही.

पण या दानाने एक प्रश्न सुटला नाही. तंजावरच्या मंडळीत उच्च मानलेल्या जातींचे व दलित समाजांतून आलेले विश्वासी वेगवेगळे बसत. श्वार्ट्झ यांच्या काळीही तसेच होते. मिशनच्या शाळेचे प्रमुख राहिलेले थोर तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्रियार हे श्वार्ट्झ यांचे मानसपुत्रच. परंतु नव्या मिशनऱ्यांनी हा भेद मोडू पाहिला तेव्हा त्यांनी विरोध केला. १८२९ च्या सुमारास त्यांचे मिशनशी बिनसले आणि त्यांना आश्रय दिला तो सरफोजींनी. राजाचे औदार्य खरे होते, पण ते रूढीलाही आधार देऊ शकत होते. शाळेला पैसा बाहेरून मिळतो. पंगत एक करण्याचे धैर्य मंडळीलाच आणावे लागते.

याच्या अगदी उलट टोकाचा नमुना हटराइट बंधूंचा आहे. सोळाव्या शतकात मोराव्हियात उदयास आलेला हा पंथ प्रेषितांची कृत्ये २ व ४ शब्दशः पाळून मालमत्ता सामाईक ठेवतो. आज त्यांच्या वसाहती मुख्यतः कॅनडात व अमेरिकेच्या उत्तर भागात आहेत. तेथे प्रत्येक मूल सामाईक तिजोरीतून जेवते, जर्मन भाषा व धर्म वसाहतीच्याच शिक्षकाकडून शिकते, आणि इंग्रजी शाळेसाठी मात्र बहुधा बाहेरचा शिक्षक येतो. त्यांची पंगत एक आहे. मात्र कुंपणही उंच आहे. कुंभकोणमच्या शाळेत श्वार्ट्झ यांनी ब्राह्मणाच्या मुलाला जशी जागा दिली, तशी तेथे शेजाऱ्याला सहसा मिळत नाही.

सरफोजी १८३२ मध्ये वारले आणि १८५५ मध्ये, गादीला पुत्र नसल्याने, संस्थान खालसा झाले. एका घराण्याच्या कृतज्ञतेवर उभ्या असलेल्या दानाला त्या घराण्याइतकेच आयुष्य असण्याचा धोका असतो. एज्राच्या गोष्टीचा पुढचा भाग म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. नहेम्या १०:३२ मध्ये लोक स्वतः करार करतात की मंदिराच्या सेवेसाठी दरसाल प्रत्येकाने शेकेलाचा तिसरा हिस्सा द्यावा. निर्गम ३०:१३ मधील रक्कम अर्ध्या शेकेलाची होती. बहुधा लोक गरीब होते म्हणून ती कमी ठरली. राजाची तिजोरी एकदा उघडलेली असतानाही त्यांनी हा भार आपल्या अंगावर घेतला.

आपल्या गटाच्या अभ्यासात एज्रा ७ व नहेम्या १० हे अध्याय एकाच बैठकीत वाचावेत, आणि आपल्या मंडळीची शाळा वा वसतिगृह असल्यास त्याचा गेल्या वर्षाचा जमाखर्चही सोबत घेऊन बसावे.