उजेड कोणासाठी मोजावा?
(मुंबई बंदरातील उन्हाळी पहाट : एक छायाचित्रण-अभ्यास)

आपल्या खानदेशाला समुद्र नाही. तापी, गिरणा आणि पांझरा यांचे पाणी एवढेच आपले जलवैभव, आणि तेही वैशाखात आटलेले. म्हणून गेल्या मे महिन्यात मामांकडे मुंबईस आठवडाभर राहण्याचा योग आला, तेव्हा बंदरावरील पहाट छायाचित्रांत पकडावी असे मी मनाशी ठरविले. मामेभावाचा एक वापरलेला डिजिटल कॅमेरा हाताशी होता. त्या आठवड्यात जे शिकले, आणि जे पुढे दिवाळीत शिकावे लागले, ते विद्यार्थिमित्रांपुढे व गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

धुळ्याहून चाळीसगावपर्यंतचा रेल्वेचा फाटा सुमारे छप्पन्न किलोमीटरचा. मुंबईची गाडी मी चाळीसगावी धरली. याच चाळीसगावात केकी मूस (१९१२–१९८९) राहिले. जन्म मुंबईचा, पण आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे त्यांनी स्टेशनजवळच्या आपल्या घरात, क्वचितच बाहेर पडून काढली. टेबलावर वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून चित्र घडविण्याच्या ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणासाठी ते ओळखले जातात. प्रकाश त्यांचा चाकर होता. मी निघाले होते नेमक्या उलट दिशेने : खानदेशातून मुंबईस, जिथे प्रकाशावर माझी कसलीच सत्ता चालणार नव्हती. बंदरावर छायाचित्रकाराच्या हाती दोनच गोष्टी असतात. कधी जायचे आणि कुठे उभे राहायचे.

बंदर पूर्वेला आहे

मुंबईचा समुद्र म्हटला की चौपाटी आणि सूर्यास्त डोळ्यांपुढे येतो. परंतु मुंबईचे बंदर शहराच्या पूर्व अंगास आहे. शहर आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या पाण्यावर सूर्य उगवतो. अपोलो बंदराच्या कठड्यापाशी उभे राहिले, तर मेअखेरीस तो नेमक्या पूर्वेस न उगवता सुमारे वीस अंश उत्तरेकडे, म्हणजे घारापुरी बेटाच्या बाजूने वर येतो. डिसेंबरात तोच उरणच्या अंगाला सरकलेला असतो. तेव्हा उन्हाळ्यात जाणाऱ्याने बेटाची आकृती चित्रात कुठे येईल याचा विचार आदल्या दिवशीच करून ठेवावा.

वेळेचे गणितही आपल्यापेक्षा निराळे. मुंबई जळगावच्या पश्चिमेस आणि थोडी दक्षिणेस असल्याने मेमध्ये तिथे सूर्योदय जळगावपेक्षा सुमारे चौदा मिनिटे उशिरा, साधारण सहाच्या सुमारास होतो. कामाचा संधिप्रकाश त्याआधी जेमतेम तेवीस-चोवीस मिनिटे मिळतो, कारण आपल्या अक्षांशांवर सूर्य क्षितिजातून तिरपा न येता बराचसा सरळ वर चढतो. लंडनला त्याच दिवसांत हा अवधी चाळीस मिनिटांच्या घरात जातो. म्हणून परदेशी पुस्तकांतील पहाटेचे सावकाश सल्ले इथे उपयोगी पडत नाहीत. साडेपाचला जागेवर उभे असलेच पाहिजे.

हवेचाही फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी आणि धुळीची. बंदरावर ती दमट असते, आणि दूरचे सारे काही पांढुरक्या पडद्याआड जाते. आधी मला हा दोष वाटला. पण त्यामुळेच जवळची होडी गडद, मधले जहाज फिके आणि घारापुरी त्याहून फिकी, अशी खोली चित्रात आपोआप येते.

पहिली सकाळ

पहिल्या दिवशी मी दीडशेवर छायाचित्रे काढली. सगळ्यांत मधोमध तांबडा गोळा. मामांची नोकरी गोदीत झालेली. मुंबईत आयुष्य गेले तरी घरात ते अहिराणीच बोलतात. चित्रे पाहून म्हणाले, “हाऊ सूर्य ते लळिंगवर बी असाच दिखस, माय.”

बोलणे झोंबले, पण खरे होते. लळिंगच्या किल्ल्यावरून दिसतो तोच सूर्य मी मुंबईहून नेणार होते. दुसऱ्या दिवशी सूर्याकडे पाठ केली. १९०३ साली सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलचा दर्शनी भाग आणि १९२४ साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया पूर्वेच्या पाण्यासमोर उभे आहेत. पहिले ऊन त्यांच्या दगडावर पडते, तेव्हा गेटवेचा पिवळसर बेसाल्ट काही मिनिटे मधासारखा दिसतो. सात वाजेपर्यंत ही जादू संपते आणि उरतो तो केवळ उकाडा.

या दोन दिवसांतले अनुभव थोडक्यात सांगते. उजाडू लागताना आयएसओ ८०० आणि छिद्र एफ/४ ठेवले, तर शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतके संथ ठेवावे लागते. मग कॅमेरा कठड्यावर टेकवावा. डुलणारी होडी थोडी पुसट येणारच, ती येऊ द्यावी. सूर्योदयाआधी दहा मिनिटे तोच वेग एक शतांश सेकंदाच्या आसपास जातो आणि चालणारी माणसे टिपता येतात. रंगाचा समतोल ‘स्वयंचलित’ न ठेवता ‘दिवसाचा उजेड’ यावर ठेवावा. नाहीतर पहाटेचा निळेपणा ही चूक समजून कॅमेरा ती दुरुस्त करून टाकतो.

ससून डॉक

तिसऱ्या दिवशी कुलाब्याच्या ससून डॉकला गेले. ही गोदी १८७५ सालची, ससून या व्यापारी घराण्याने बांधलेली. खानदेशच्या माणसाला ती परकी वाटू नये. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तिथला कापूस विलायतेला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेशच्या काळ्या मातीतील कापूस याच बंदरातून जहाजांवर चढला. कापसाच्या व्यापारात ससून घराणेही होते. आज मात्र तिथे मासळी उतरते.

गोदीच्या आवारात पूर्वपरवानगीशिवाय छायाचित्रण करता येत नाही. परवानगी मी घेतली नव्हती. म्हणून कॅमेरा मामांच्या हाती देऊन एकटीच आत गेले आणि अर्धा तास नुसते पाहिले. विजेच्या दिव्यांत चमकणारी कोळंबी, बर्फाचा चुरा, लिलावाचा गलका, आणि त्या साऱ्यावर चढत जाणारा निळा उजेड. हातात कॅमेरा नव्हता म्हणूनच बहुधा इतके दिसले.

बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले. फाटकातून एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन निघाली. मी कॅमेरा उचलला. ती थांबली नि म्हणाली, “आधी तोंडाने विचार की!”

मी ओशाळले, विचारले. ती हसली. म्हणाली, “काढ. पण मला एक दे. कागदावरचा दे, मोबाइलमधला नको.” मी शब्द दिला.

चित्र मला फार आवडले. मागे फिकट निळे आकाश, पुढे पाटी तोललेली ठाशीव काळी आकृती. छापून घेऊन निघायच्या दिवशी गेले, तो जून उजाडला होता. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते. धक्क्यावर नौका नांगरून पडलेल्या आणि फाटकापाशी शुकशुकाट. चित्र तसेच धुळ्याला परत आले. इथे ज्यांनी ज्यांनी ते पाहिले, त्यांनी वाखाणले.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा गेले. दुसऱ्या सकाळी ती भेटली. चित्र हातात घेऊन तिने ते उजेडाकडे धरले, पुन्हा जवळ आणले आणि म्हणाली, “पाटी छान आलीय. पण यात मी कुठे आहे?”

खरोखरच ती त्यात नव्हती. चेहऱ्याच्या जागी काळोख होता.

चूक कोठे झाली?

तांत्रिक उत्तर सोपे आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या छटेवर आणून बसवतो. चौकटीत उजळ आकाश अधिक असले की तो एकूण उजेड कमी करतो आणि आकाशासमोरचा माणूस काळा पडतो. उपाय तीन. प्रकाश चेहऱ्यावरून मोजावा. मोबाइल असेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवावे. किंवा कॅमेऱ्याच्या मापापेक्षा दीड-दोन पायऱ्या उजेड जास्त द्यावा. मग आकाश पांढरे पडेल, ते पडू द्यावे. तिसरा आणि सर्वांत चांगला उपाय पायांचा : आपण पूर्वेकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे उजेड माणसाच्या तोंडावर येईल.

पण प्रश्न केवळ तंत्राचा नव्हता. काळी आकृती मला आवडली, कारण ती ‘कोळीण’ होती, कोणीही एक. तिला हवी होती ती स्वतः. मापक विचारत असतो, उजेड कशासाठी मोजू? मी न कळत उत्तर दिले होते, आकाशासाठी. परवानगी मी तोंडाने मागितली खरी, पण चित्रात तिला जागा दिली नाही.

तिची क्षमा मागून मी रस्ता ओलांडला, फाटकाच्या बाजूस गेले आणि उगवतीकडे पाठ करून दुसरे चित्र घेतले. त्यात आकाश नाही. मागे एक टेम्पो आहे, भिंत आहे, आणि कपाळावरचा घाम दिसेल इतका स्वच्छ चेहरा आहे. स्पर्धेत ते कदाचित पहिले चित्रच पुढे जाईल. दुसऱ्याची प्रत मामांनी तिला नेऊन दिली. निरोप आला, “आता मी आहे.”

आपल्यापैकी अनेक जण सहलीत, शिबिरात, खेड्यापाड्यांत माणसांची छायाचित्रे काढतात. बटण दाबण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारावे, हा उजेड आपण कोणासाठी मोजतो आहोत?