कार्लाईलचे ग्रंथ वाचताना

शब्बाथ शाळेत आपण मुलांना लूथर, नॉक्स अशा थोर पुरुषांच्या गोष्टी सांगतो. अशा पुरुषांविषयी ज्याने सर्वांत आवेशाने लिहिले, त्या थॉमस कार्लाईलचे ग्रंथ शिक्षकांनी जरूर पाहावे. पण डोळे उघडे ठेवून पाहावे.

तो १७९५ साली स्कॉटलंडमध्ये एका गवंड्याच्या भाविक घरी जन्मला. मुलाने पाळक व्हावे अशी आईबापांची इच्छा. चौदावे वर्ष पुरे होण्याआधी तो सुमारे १०० मैल चालत एडिंबरोच्या विद्यापीठात गेला. पुढे मंडळीच्या मतांवरचा त्याचा विश्वास ढळला. पाळक तो झाला नाही. लेखणीतला उपदेशक मात्र शेवटपर्यंत गेला नाही!

फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथाच्या पहिल्या खंडाचे हस्तलिखित त्याने मित्र मिल याला वाचावयास दिले. १८३५ साली ते रद्दी समजून जाळले गेले. टिपणेही उरली नव्हती. त्याने तो खंड पुन्हा लिहिला, आणि १८३७ साली ग्रंथ निघाला. थोर पुरुषांवरील सहा व्याख्याने १८४० सालची. त्यांत लूथर व नॉक्स आहेत, तसा नेपोलियनही आहे. क्रॉमवेल ढोंगी होता हा समज त्याने १८४५ साली क्रॉमवेलचीच पत्रे व भाषणे छापून पुष्कळ अंशी पुसला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १८४३ सालचा ‘पास्ट अँड प्रेझेंट’. त्यात एडिंबरोतील एका गरीब आयरिश विधवेची हकीगत आहे. तीन लेकरे घेऊन ती एकेका धर्मादाय संस्थेच्या दारी गेली. कोणी घेतले नाही. अखेर ती तापाने मेली, आणि तिच्या गल्लीतील आणखी १७ माणसे त्याच तापाने दगावली. कार्लाईल म्हणतो, बहीण म्हणून तिला कोणी ओळखले नाही, तेव्हा तापाने ते नाते सिद्ध केले. लूक १० मधील शोमरोनी माणसाचा दाखला शिकवताना ही हकीगत मुलांपुढे ठेवावी.

आणि याच लेखकाने १८४९ साली वेस्ट इंडीजमधील गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांची कुत्सित थट्टा केली व त्यांच्याकडून सक्तीने काम घ्यावे असे लिहिले! बलवानाने राज्य करावे, दुबळ्याने ऐकावे, हा विचार त्याच्यात हळूहळू बळावला, असे मला वाटते. थोरांच्या व्याख्यानांतही त्याचे बीज सापडते.

वाचनाला आरंभ विधवेच्या हकीगतीपासून करावा. ती तिसऱ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. फ्रेडरिक राजाच्या चरित्राचे सहा खंड सवड मिळाली तर.