धाकट्या बहिणीसाठी टॅब

(घरात महाग वस्तू आणताना जाहिरात पाहून निर्णय घेऊ नये. नीट वाचावे, मोजावे, विचारावे आणि मगच पैसे द्यावेत. हे कसे करावे, ते या पाठात सांगितले आहे.)



घरात एखादी महाग वस्तू आणायची ठरली, की मोठी माणसे तुम्हाला हाक मारतात. “जरा वाच पाहू, या खोक्यावर काय लिहिले आहे?” असे अम्मी विचारतात. तुम्ही शाळेत उर्दूबरोबर मराठी आणि इंग्रजीही शिकता, म्हणून हा विश्वास तुमच्यावर टाकला जातो. अब्बांनी कित्येक महिने साठवलेले पैसे तुमच्या एका शब्दावर खर्च होणार असतात. म्हणून तो शब्द विचार करून उच्चारायला हवा.

समजा, ईद जवळ आली आहे. तुमची धाकटी बहीण पाचवीत शिकते. तिला अभ्यासासाठी टॅब भेट द्यावा, असे घरात ठरले आहे. अब्बांनी त्यासाठी १०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. बाजारात टॅब पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची जाहिरात सुंदर आहे. मग निवड कशी करावी?

पहिला प्रश्न दुकानात नव्हे, तर घरीच विचारा. बहीण टॅबवर काय करणार आहे? ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर उर्दू आणि मराठी पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. ‘दीक्षा’ या शासकीय अ‍ॅपवर अभ्यासाचे साहित्य असते. एवढेच वाचायचे आणि पाहायचे असेल, तर फार महाग टॅब लागत नाही. मात्र तीन-चार वर्षांच्या लहान भावासाठी टॅब घेण्याचा विचार असेल, तर थांबा. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. त्याला चेंडू किंवा चित्रांचे पुस्तक द्यावे.

आता पडद्याकडे वळू या. पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. म्हणजे ८ इंची पडदा सुमारे २० सेंटिमीटरचा आणि १० इंची पडदा सुमारे २५ सेंटिमीटरचा असतो. तुमच्या पाठ्यपुस्तकाचे एक पान पट्टीने असेच तिरके मोजून पाहा. मोठे पान लहान पडद्यावर बसवले, की अक्षरे बारीक होतात आणि डोळ्यांना त्रास होतो. म्हणून पाठ्यपुस्तके वाचण्यासाठी १० इंचांच्या आसपासचा पडदा बरा.

पडद्यानंतर पाहायची ती रॅम, म्हणजे टॅबची काम करतानाची स्मृती. ती कमी पडली, तर टॅब संथ चालतो. याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. विद्यार्थ्यांना अगदी स्वस्तात टॅब मिळावा, म्हणून केंद्र सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ नावाचा टॅब जाहीर केला. सरकारला तो सुमारे २,२५० रुपयांना पडत होता. जगातील सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याची सर्वत्र चर्चा झाली. पण त्याची रॅम २५६ एमबी होती. टॅब संथ चाले, पडदा बोटाने दाबावा लागे आणि बॅटरी लवकर उतरे. तक्रारी येऊ लागल्या. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, ‘आकाश-२’ आला. त्यात रॅम दुप्पट होती आणि पडदा हलक्या स्पर्शाने चालत होता. हेतू चांगला आणि किंमत कमी, एवढ्यावर वस्तू उपयोगी ठरत नाही, हे यावरून दिसते.

आज अभ्यासासाठी टॅब घेताना निदान ४ जीबी रॅम असावी. ही आकाशच्या सोळापट झाली. साठवण निदान ६४ जीबी असावी. त्यातला काही भाग टॅबची स्वतःची प्रणाली व्यापते, म्हणून सगळी जागा आपल्याला मिळत नाही. जादा कार्ड घालण्याची सोय आहे का, हेही विचारा. जाहिरातीत कधी कधी ‘४+४ जीबी’ असे छापलेले असते. त्यातले दुसरे ४ जीबी साठवणीतून उसने घेतलेले असतात. ते खऱ्या रॅमसारखे जलद काम करीत नाहीत. बेरीज करून ८ समजू नका.

टॅबमध्ये सिमची सोय हवीच असे नाही. फक्त वाय-फायवर चालणारा टॅब बहुधा स्वस्त पडतो. घरातल्या फोनवरून त्याला इंटरनेट देता येते.

यानंतरचा प्रश्न गिऱ्हाईक सहसा विचारत नाहीत. “या टॅबला सुरक्षा-सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळणार?” टॅबच्या प्रणालीत दोष सापडत राहतात आणि चांगली कंपनी ते वेळोवेळी दूर करते. जुन्या प्रणालीवर नवी अ‍ॅपे हळूहळू चालेनाशी होतात. २०२३ साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने मुलांसाठी म्हणून विकला जाणारा एक स्वस्त टॅब तपासला. त्याची प्रणाली कित्येक वर्षे जुनी होती आणि आत घातक सॉफ्टवेअरच्या खुणा आढळल्या. खोक्यावर मुलांची रंगीत चित्रे होती म्हणून टॅब मुलांसाठी सुरक्षित ठरला नाही. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण येथे लागू पडते.

दुकानात एक चाचणी तुम्हीच उत्तम करू शकता. टॅब सुरू करून एक उर्दू पान आणि एक मराठी पान उघडायला सांगा. उर्दू अक्षरे आपल्या ओळखीच्या नस्तालीक वळणात दिसतात, की नस्ख वळणात? मराठी जोडाक्षरे तुटत नाहीत ना? दोन्ही लिप्या वाचणारा गिऱ्हाईक दुकानदाराला रोज भेटत नाही.

मग खोका हातात घ्या आणि सावकाश वाचा. सर्व करांसह कमाल किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष आणि हमीची मुदत पाहा. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही तपासा. चार्जर खोक्यातच आहे ना, हे विचारा. पक्की पावती घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. पुढे फसवणूक झाल्याचे लक्षात आले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पावती नसेल, तर तक्रार दुबळी पडते.

शेवटी एक छोटा हिशेब करू. एक टॅब ६,००० रुपयांचा आहे; पण तो एका वर्षात निकामी होईल. दुसरा १०,००० रुपयांचा आहे आणि तो चार वर्षे टिकेल. पहिल्याचा खर्च वर्षाला ६,००० रुपये, तर दुसऱ्याचा २,५०० रुपये. मग स्वस्त कोणता? आपल्या घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, ‘महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार.’ पण म्हणून सर्वांत महाग टॅब घ्यावा, असेही नाही. जी सोय बहीण कधी वापरणार नाही, तिच्यासाठी दिलेला पैसाही वाया जातो.

टॅब घरी आल्यावर पहिले काही दिवस बहिणीजवळ बसा. वापराची वेळ ठरवून द्या. ‘फॅमिली लिंक’ या अ‍ॅपने ती मर्यादा घालता येते. तिचा पहिला धडा तिच्याबरोबर वाचा. पैसे अब्बांनी दिले. हा वेळ मात्र तुम्हालाच द्यावा लागेल.

शब्दार्थ

खोका – पेटी, डबा
संथ – हळू, सुस्त
साठवण – माहिती जमा ठेवण्याची जागा
निकामी – बेकार
मुदत – ठरलेला काळ
गिऱ्हाईक – खरेदीदार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पडद्याचे माप कसे मोजतात?
(आ) ‘आकाश’ टॅब कोणत्या वर्षी जाहीर झाला?
(इ) ‘४+४ जीबी’ याचा अर्थ काय?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पक्की पावती घेणे आवश्यक आहे.
(आ) टॅब घेताना सुरक्षा-सुधारणांविषयी विचारावे.

प्र. ३. हिशेब करा.
७,५०० रुपयांचा टॅब तीन वर्षे टिकला, तर वर्षाचा खर्च किती?

प्र. ४. पाठातील मराठी म्हण वाक्यात वापरा. त्याच अर्थाची उर्दू म्हण घरी विचारून लिहा.

उपक्रम : घरातील कोणत्याही एका वस्तूचा खोका वाचा आणि त्यावरील माहिती अम्मी-अब्बांना समजावून सांगा.