लाकडात कोरलेले पक्षी

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात बेडकाचे चित्र आणि बेडकाची माहिती एकाच पानावर शेजारी शेजारी असते. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण अडीचशे वर्षांपूर्वी ही गोष्ट सोपी नव्हती.

मजकूर छापीत तो शिशाच्या मिश्रधातूच्या खिळ्यांनी. खिळ्यावरचे अक्षर उठावाचे असते. त्याच्या माथ्याला शाई लागते आणि तीच कागदावर उमटते. बारीक, रेखीव चित्र हवे असेल तर मात्र ते तांब्याच्या पत्र्यावर कोरीत, आणि तेथे सगळाच प्रकार उलटा. शाई भरायची ती कोरलेल्या चरांत. वरचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करायचा आणि ओलसर कागद त्या चरांत घुसेल इतक्या दाबाने तो पत्रा दोन रुळांमधून काढायचा. खिळ्यांचे यंत्र निराळे, पत्र्याचे निराळे. त्यामुळे चित्रे बहुधा वेगळ्या पानांवर छापून मग पुस्तकात बांधावी लागत आणि पुस्तक महाग होई. स्वस्त पुस्तकांत लाकडी ठशांची चित्रे असत; पण ती इतकी ओबडधोबड, की कोल्हा कोणता आणि कुत्रा कोणता हे खालच्या नावावरूनच ओळखावे!

ही अडचण पुष्कळशी दूर केली ती लंडनच्या एखाद्या विद्वत्सभेने नव्हे, तर इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल या गावातल्या एका कारागिराने. त्याचे नाव टॉमस ब्यूइक.

ब्यूइकचा जन्म १७५३ साली टाइन नदीजवळच्या चेरीबर्न येथे झाला. वडील खंडाने शेती करीत आणि एक लहानशी कोळशाची खाणही चालवीत. आठ भावंडांत हा थोरला. शाळेत लक्ष कमी आणि खडूने जमिनीवर, थडग्यांच्या दगडांवर चित्रे काढणे फार. चौदाव्या वर्षी, १७६७ मध्ये, त्याला न्यूकॅसलच्या राल्फ बील्बी या कोरीवकाम करणाऱ्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवण्यात आले.

त्या वेळी गावात चार्ल्स हटन नावाचे गणिताचे शिक्षक होते. (स्कॉटलंडमधील शिहॅलियन डोंगराच्या आकर्षणाच्या मोजमापांवरून १७७८ मध्ये पृथ्वीची सरासरी घनता काढणारे हटन ते हेच.) त्यांना क्षेत्रमापनावरच्या पुस्तकासाठी भूमितीच्या आकृत्या लाकडात कोरून हव्या होत्या. ते काम या नव्या पोराकडे आले. आकृतीतली रेघ उठावाची राहायची, म्हणजे तिच्या दोन्ही अंगांचे लाकूड काढून टाकायचे. त्यात रेघ कधी जाड, कधी बारीक होई. ब्यूइकने दोन टोकांची एक कोरणी करून घेतली, तिने दोन्ही बाजू एकदमच कापल्या जात. रेघ सारख्या जाडीची येऊ लागली.

आता लाकडाकडे वळू. वनस्पतिशास्त्रात तुम्ही खोडाचा उभा छेद आणि आडवा छेद पाहिला असेल. लाकूड म्हणजे हजारो बारीक तंतूंची घट्ट जुडीच. जुने ठसे फळीवर, म्हणजे उभ्या छेदावर, सुरीने कोरीत. तेथे तंतू आडवे पसरलेले असतात. सुरी तंतूंच्या दिशेने सहज सरकते, पण त्यांना छेदून जाताना अडते आणि कडा चिरफाळतात. मग बारीक काम कसे व्हावे? ब्यूइकने खोडाचा आडवा छेद घेतला. आता सगळे तंतू आपल्याकडे टोके करून उभे! कोरणी कोणत्याही दिशेने फिरवा, तिला सारखाच विरोध होतो. ही युक्ती त्याच्या आधीही काही जणांना ठाऊक होती. तिच्यातून काय काय निघू शकते ते मात्र त्याने दाखविले.

लाकूडही तसेच हवे. त्याने बॉक्सवुड वापरले. हे झाड फार हळू वाढते, म्हणून त्याचे लाकूड अतिशय दाट असते. त्यातील वाहिन्या इतक्या सूक्ष्म, की गुळगुळीत केलेला आडवा छेद हस्तिदंतासारखा लागतो. खोड मात्र बारीक, त्यामुळे ठोकळेही लहान. मोठे चित्र हवे असेल तर तुकडे जोडावे लागत.

ठोकळ्याची जाडी खिळ्याच्या उंचीइतकी, सुमारे २३ मिलिमीटर, ठेवली की तो खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत बसतो आणि मजकूर व चित्र एकाच दाबात छापले जातात. माझ्या मते सगळी गोम येथे आहे. शिवाय उभे तंतू दाब चांगला सोसतात. एका वर्तमानपत्रासाठी कोरलेल्या ठोकळ्यावरून नऊ लाखांहून अधिक छाप निघाल्याचे ब्यूइकने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. तांब्याचा पत्रा त्याच्या कितीतरी आधी झिजला असता.

चित्र काढण्याची रीतही बदलली. न कोरलेला ठोकळा छापला तर काय उमटेल? नुसता काळा चौकोन. कोरणीचा प्रत्येक फटकारा म्हणजे एक पांढरी रेघ. म्हणजे हा कारागीर फळ्यावर खडूने काढावे तसे काळ्यातून पांढरे काढतो. पिसाची शीर, मानेवरची लव अशा रेघांनी फार छान येते. दूरचे डोंगर फिके दिसावेत म्हणून तो कोरण्यापूर्वी ठोकळ्याचा तेवढा भाग किंचित खरवडून खाली घेई. तेथे दाब कमी पडे आणि छाप करडा उमटे.

पण पोट काही पक्ष्यांच्या चित्रांवर भरत नव्हते. उमेदवारी संपल्यावर १७७६ मध्ये ब्यूइक लंडनला गेला. काम मिळत होते, तरी ते शहर त्याला मानवले नाही, आणि पुढच्याच वर्षी परत येऊन तो बील्बीचा भागीदार झाला. दुकानात येईल ते काम घ्यायचे: चांदीच्या भांड्यांवर अक्षरे, दारावरच्या नावाच्या पाट्या, कुत्र्यांचे गळपट्टे, शवपेटीवरच्या पट्ट्या, दुकानदारांची बिले, पेढ्यांच्या नोटा. लहान गावात एकाच कलेवर जगू म्हणणाऱ्याला जगता येत नसे. गावाचा फायदा हा, की नदी, रान आणि पाखरे चालत जाण्याच्या अंतरावर होती.

मनाजोगे काम तो दिवसाचे दुकान आटोपल्यावर, संध्याकाळी दिव्याच्या उजेडात करी. प्राण्यांच्या पुस्तकासाठी त्याने पहिले चित्र कोरले ते उंटाचे, १५ नोव्हेंबर १७८५ रोजी. त्याच दिवशी त्याचे वडील वारले. चतुष्पाद प्राण्यांवरचे ते पुस्तक पुरे व्हायला आणखी पाच वर्षे लागली. १७९० मध्ये ते निघाले, आणि १७९१ व १७९२ मध्ये पुन्हा छापावे लागले.

मग पक्षी. १७९१ मध्ये तो यॉर्कशरमधील मार्मड्यूक टन्स्टल यांच्या संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी पाहून चित्रे काढायला गेला आणि नाराज झाला. पेंढा भरणाऱ्याने मान कोठे वळवावी, पंख कसे मिटावेत, याला काही ताळतंत्र नव्हता. पुढे शक्य तेथे त्याने जिवंत किंवा नुकताच मारलेला पक्षी समोर ठेवूनच काम केले. जमिनीवरच्या पक्ष्यांचा खंड १७९७ मध्ये आणि पाणपक्ष्यांचा १८०४ मध्ये आला. बील्बी वेगळा झाल्यावर दुसऱ्या खंडाचा मजकूरही त्याने स्वतःच जमविला. प्रकरणाखाली मोकळी जागा उरली की तेथे खेड्यातले एखादे चिमुकले दृश्य येई. यांतील काही त्याच्या शिष्यांनी कोरली आहेत. १८३० मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, एका हंसाला त्याचे नाव देण्यात आले.

लाकडाने एकदा मात्र चांगलाच दगा दिला. १७८९ मध्ये टन्स्टल यांच्यासाठी त्याने चिलिंगहॅमचा रानटी बैल मोठ्या ठोकळ्यावर कोरला. थोड्याच प्रती निघाल्या आणि ठोकळा तडकला. त्याला ऊन लागले होते असे सांगतात. कारण उघड आहे. वाळताना लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेने मात्र आकसते, आणि त्यातही वर्तुळांच्या कडेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसते. आडव्या छेदात हे दोन्ही संकोच चित्राच्या पृष्ठावरच येतात. ज्या गुणामुळे चित्र बारीक आले, तोच गुण ठोकळ्याला भोवला.

खोट्या नोटांचा प्रश्नही त्याच्याकडे येई. नक्कल करता येणार नाही अशी खूण कोणती? १८१८ च्या इसापनीतीच्या प्रतींबरोबर त्याने जी पावती दिली, तिच्यावर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा कोरून छापला होता. पुढे १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल यांनी एका करारावर हाताचा ठसा घेतला, आणि बोटांच्या ठशांवरचे गाल्टन यांचे पुस्तक १८९२ मध्ये आले. त्यात ब्यूइकच्या ठशाचाही उल्लेख आहे.

आता एक प्रयोग. सुताराकडून सागवानाचा एक तुकडा मागून आणा. त्याची एक बाजू आणि एक टोक काचकागदाने घासून गुळगुळीत करा. टोकदार खिळ्याने बाजूवर एक रेघ तंतूंच्या दिशेने ओढा, एक त्यांना छेदून ओढा. मग टोकावर एक लहान वर्तुळ कोरा. तिन्ही ठिकाणच्या कडा भिंगातून पाहा आणि त्यांची चित्रे वहीत काढा. जमल्यास आंब्याच्या आणि बाभळीच्या लाकडावरही हेच करून पाहा. कोणत्या लाकडात वर्तुळ सर्वांत स्वच्छ आले?