वाडग्यातले कोरे वर्तुळ

जुन्या चिनी भांड्यांचा संग्रह म्हटला की राजवाड्यातल्या नक्षीदार फुलदाण्या डोळ्यांपुढे येतात. परंतु चीनच्या फूजियान प्रांतातील दहुआ येथील भट्ट्यांत सामान्य माणसांच्या रोजच्या वापराची भांडीही मोठ्या प्रमाणावर भाजली जात. अशा साध्या भांड्यांचा संग्राहक काय पाहतो?

तो प्रथम वाडग्याच्या आत पाहतो. कित्येक साध्या वाडग्यांत तळाशी एक कोरे, खरखरीत वर्तुळ असते. हा दोष आहे काय? नाही. भांड्यावरचा काचेसारखा लेप म्हणजे झिलई. भट्टीत सुमारे १३०० अंश सेल्सिअस तापमानाला ती वितळते आणि निवताना ज्याला टेकली असेल त्याला घट्ट चिकटते. वाडगे एकावर एक रचले, तर वरच्याचे तळकडे खालच्याला चिकटणार! म्हणून कारागीर तेवढ्या जागेची झिलई पुसून टाकी. त्यामुळे एकाच भट्टीत पुष्कळ वाडगे मावत, सरपण वाचे आणि वाडगा स्वस्त पडे. म्हणजे ते वर्तुळ काटकसरीची खूण होय.

पण वय कसे कळणार? तळावर सम्राटाचे नाव असले तरी भुलू नका. पुढच्या काळातील कारागीरही जुन्या सम्राटांची नावे लिहीत. खरा आधार मिळतो तो भांडे कोठे सापडले यावरून. तेक सिंग हे चिनी जहाज १८२२ साली शियामेनहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, जाताना बुडाले. १९९९ साली त्यातून सुमारे साडेतीन लाख भांडी वर काढण्यात आली. ती सारी १८२२ पर्यंत घडलेली होती, हे निश्चित झाले. आता तशाच नक्षीचे भांडे दुसरीकडे आढळले, तर तुलनेने त्याचा काळ अजमावता येतो.

मात्र २००० साली जर्मनीतील लिलावात ही भांडी विकली जाऊन जगभर पांगली. एखाद्या भांड्याची चिठ्ठी हरवली, तर उरेल केवळ एक वाडगा; त्याची साक्ष संपली!

म्हणून संग्रहात वस्तूइतकीच नोंद मोलाची. आज घरातील कपबशी उलटी करून तळकडे पाहा. झिलई कोठे नाही आणि का नसावी, हे वहीत लिहा. शेतात वा किनाऱ्यावर जुनी खापरे दिसली, तर ती उचलू नका. जागा टिपून शिक्षकांमार्फत पुरातत्त्व खात्याला कळवा.